बिरसीहून विमानाने निघताना : बॅग कशी भरावी, तपासणी कशी पार पाडावी

गोंदिया जिल्ह्यातल्या घरात प्रवासाचा विषय निघाला की आधी रेल्वेच डोळ्यांसमोर येते. हावडा–मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन आपल्या दारात आहे आणि रेल्वेत सामानाची फारशी विचारपूस होत नाही. तांदळाचा कट्टा, लोणच्याची बरणी, मुलीच्या सासरी द्यायचा फराळ, सगळे बाकाखाली सरकवले की झाले. विमानात मात्र प्रत्येक किलोचा हिशेब असतो आणि प्रत्येक वस्तू यंत्राखालून जाते.

कामठ्याजवळची बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री असताना तिचा विस्तार झाला आणि वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. सामान्य माणसाला तिकीट काढून इथून उडता आले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १३ मार्च २०२२ रोजी ‘उडान’ योजनेत फ्लायबिग कंपनीची इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू झाली, ती काही महिन्यांतच थांबली. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबाद आणि तिरुपतीसाठी विमान सुरू केले. छोट्या विमानतळांवरच्या कंपन्या, मार्ग आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढताना चालू वेळापत्रक पाहावेच. सामानाचे नियम मात्र कंपनी कोणतीही असली तरी जवळपास सारखेच असतात.

पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांची अडचण विमानतळावर उघड होते, पण तिचे मूळ आदल्या रात्री घरी बॅग भरण्यात असते. म्हणून या लेखातला मोठा भाग बॅग भरण्यावरच आहे.

नियम दोघांचे असतात

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. सामान किती न्यायचे हे विमान कंपनी ठरवते. काय न्यायचे आणि काय नाही, हे सरकार ठरवते. वजनाचा प्रश्न पैसे भरून सुटतो. वस्तूचा प्रश्न पैशाने सुटत नाही.

‘पंधरा किलोचे पैसे भरले आहेत, मग खोबरे का काढून ठेवता?’ असा वाद काउंटरवर होतो तो या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे. काउंटरवरची मुलगी कंपनीची नोकर आहे. खोबरे थांबवणारा नियम तिचा नाही आणि तो शिथिल करणे तिच्या हातातही नाही.

सुरक्षेचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस ही केंद्र सरकारची संस्था करते. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटात अटलांटिक महासागरावर कोसळले. तो बॉम्ब एका बॅगेत होता. बॅग विमानात चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. त्यानंतर १ एप्रिल १९८७ पासून बीसीएएस हा स्वतंत्र विभाग झाला. प्रवासी विमानात चढला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात, त्यामागे हाच धडा आहे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर, २००० सालापासून, विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे सोपवण्यात आली. काही छोट्या विमानतळांवर हे काम राज्य पोलीस पाहतात. गणवेश वेगळा असला तरी नियम तेच.

तिकीट हातात येताच

तिकिटावर प्रथम नाव पाहा. ते आधार कार्डावर किंवा आपण दाखवणार असलेल्या ओळखपत्रावर आहे तसेच हवे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत इथे हमखास घोळ होतो : तिकीट सासरच्या नावाने आणि आधार माहेरच्या. चूक दिसताच कंपनीला किंवा एजंटला कळवा. एखाद्या अक्षराची चूक सहसा दुरुस्त होते, पण ती प्रवासाच्या आधी, दारावर नाही.

मग सामानाची ओळ वाचा. देशातल्या देशात बहुतेक कंपन्यांची मर्यादा अशी असते : हातात नेण्याची एक बॅग, ७ किलोपर्यंत; आणि काउंटरवर जमा करायचे सामान १५ किलोपर्यंत. काउंटरवर दिलेली बॅग विमानाच्या पोटात जाते. तिला ‘चेक-इन बॅग’ म्हणतात, आपणही पुढे तोच शब्द वापरू. हातातल्या बॅगेसोबत बायकांची पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग चालते. त्याखेरीज तिसरी पिशवी चालत नाही.

अगदी स्वस्त तिकीट दिसले तर जरा थांबा. फेब्रुवारी २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चेक-इन सामानाशिवायची स्वस्त तिकिटे विकायला कंपन्यांना मुभा दिली. असे तिकीट घेतले आणि मोठी बॅग घेऊन गेलो तर काउंटरवर पूर्ण बॅगेचे पैसे पडतात. दरात वाचवलेले तिथे भरावे लागतात, कधी त्याहून जास्तही.

पुढचा मुद्दा आखाती देशात कामाला जाणाऱ्यांसाठी आणि परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी आहे. परदेशाच्या तिकिटावर ३० किलो लिहिलेले असते. तिकडे लक्ष ठेवून बॅगा भरल्या जातात. पण गोंदिया किंवा नागपूर ते हैदराबाद किंवा मुंबई हे तिकीट वेगळे काढलेले असेल, तर त्या टप्प्यावर मर्यादा १५ किलोचीच. उरलेल्या १५ किलोंचे पैसे घरापासूनच सुरू होतात. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर परदेशाचीच मर्यादा पूर्ण प्रवासाला लागू होते. म्हणून एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा : ‘तिकीट एक आहे की दोन?’

वजन घरीच करा

घरी वजनकाटा नसेल तर किराणा दुकानाच्या काट्यावर बॅग ठेवून या. अंगाचे वजन करायचा काटा असेल तर आधी नुसते उभे राहा, मग बॅग उचलून उभे राहा; फरक म्हणजे बॅगेचे वजन. रिकाम्या बॅगेचे वजन विसरू नका. चाकांची मोठी कडक बॅग रिकामीच तीन-चार किलो भरते. पंधरातले अकरा-बाराच किलो मग आपल्या हाती राहतात.

एका तिकिटावर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घरातली चार माणसे असतील तर चौघांच्या चेक-इन वजनाची बेरीज सहसा एकत्र धरतात. एका बॅगेत अठरा आणि दुसरीत बारा किलो असले तरी चालते. मात्र कोणतीही एक बॅग ३२ किलोंच्या वर नको. बॅगा उचलणारी माणसे असतात. त्यांच्या पाठीची काळजी म्हणून ही मर्यादा जगभर पाळतात.

वजन जास्त होणारच असेल तर जादा किलो कंपनीच्या संकेतस्थळावर आधीच विकत घ्या. तेच किलो काउंटरवर घेतले तर महाग पडतात. पाच किलो चिन्नोर तांदूळ पुण्याच्या मुलाला द्यायचा असेल तर आधी हिशेब करा. जादा वजनाचा दर तांदळाच्या दराच्या कितीतरी पट असतो. तो तांदूळ पार्सलने पाठवणे शहाणपणाचे.

छोट्या विमानाला वजनाचे एवढे काय, असे अनेकांना वाटते. उलट छोट्या विमानालाच ते जास्त असते. इंडिगोने गोंदियासाठी वापरलेले एटीआर ७२ हे पंख्याचे विमान सुमारे ७८ प्रवासी नेते. उन्हाळ्यात हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते. विदर्भातल्या मे महिन्यात म्हणूनच विमानात किती वजन भरायचे याचा हिशेब अधिक कडक होतो. प्रसंगी काही बॅगा मागे ठेवून पुढच्या विमानाने पाठवाव्या लागतात. म्हणून औषधे, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत असावेत.

तीन ढीग

आता खाटेवर सगळे सामान मांडा आणि त्याचे तीन ढीग करा : हातात न्यायचे, चेक-इनमध्ये टाकायचे आणि घरीच ठेवायचे.

पहिला ढीग, हातात न्यायचा. रोजची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी, इन्शुलिन, बाळाचे दूध आणि पेज, दागिने, रोख रक्कम, जमिनीची किंवा शाळा-कॉलेजची मूळ कागदपत्रे, लॅपटॉप. दागिने चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका. बॅग हरवली तर आतल्या सोन्याचा हिशेब कोणी करत नाही.

पॉवर बँक, म्हणजे मोबाइल चार्ज करायची बॅटरी, आणि कोणतीही सुटी बॅटरी याच ढिगात. ती चेक-इन बॅगेत चालत नाही. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर माणसे बसतात त्या भागात ती दिसते आणि विझवता येते. विमानाच्या पोटात ते कोणाला कळतही नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. वॅट-तास म्हणजे बॅटरीत साठलेल्या ऊर्जेचे माप. पॉवर बँकेवर बहुधा एमएएचचा आकडा असतो. त्याला ३.७ ने गुणा आणि १,००० ने भागा. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे चालते. ३०,००० ची १११ होते, तिला कंपनीची आधी परवानगी लागते. १६० च्या वरची नेताच येत नाही. आकडा पुसट झालेली पॉवर बँक तपासणीत अडकू शकते, ती घरीच ठेवा. विमानात पॉवर बँकेवर मोबाइल लावू नका आणि ती वरच्या कप्प्यात न ठेवता हाताशी ठेवा.

दुसरा ढीग, चेक-इनचा. धारदार आणि टोकदार ते सगळे इथे : अडकित्ता, विळी, सुरी, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, पाना. अडकित्त्याची खास आठवण करून द्यावीशी वाटते, कारण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या पानाच्या डब्यात तो असतोच. वर्षानुवर्षे खिशात असलेली ही वस्तू हत्यार ठरेल असे त्यांच्या मनातही येत नाही. आजोबांचा जुना पितळी अडकित्ता तपासणीच्या टेबलावर सोडून जावा लागला तर प्रवासभर त्यांचा जीव तिकडे राहतो. निघण्याआधी त्यांचा पानाचा डबा आपणच उघडून पाहा.

तिखट, मसाल्यांची पूड, लोणची, तेल, तूप हेही चेक-इनमध्येच. मिरचीचे लोणचे हातातल्या बॅगेत स्पष्टपणे मना आहे, कारण तिखट डोळ्यांत फेकता येते. लोणच्याची काचेची बरणी नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, झाकणावर चिकटपट्टी आणि वर दोन पिशव्या, असे बांधा. सामान फेकले जाते हे गृहीत धरून बांधले की साडीवर तेल येत नाही. जवसाची चटणी, लाखोळीची डाळ, मोहाचे लाडू, पोहे हे कोरडे पदार्थ न्यायला हरकत नाही. फक्त वजन पाहा.

अंगाला मारायचे सुगंधी फवारे आणि केसांची तेले चेक-इनमध्ये चालतात. फवाऱ्याचा एक डबा अर्ध्या लिटरपर्यंत आणि अशा प्रसाधनांची बेरीज दोन लिटरपर्यंत, असा नियम आहे.

तिसरा ढीग सगळ्यात महत्त्वाचा : घरीच ठेवायचा. काडेपेटी आणि लाइटर भारतात हातातही चालत नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत. बिडीचे बंडल नेता येते, ती पेटवायचे साधन नाही. फटाके, रॉकेल, पेट्रोल, रंग, थिनर, ॲसिड, गॅसची छोटी टाकी, पाऱ्याचा थर्मामीटर हे सगळे घरी. शेतकऱ्यांनी कीटकनाशकाची अर्धी उरलेली बाटली नेऊ नये. वासानेही ती पकडली जाते. ई-सिगारेट तर देशात २०१९ पासूनच बंद आहे. मोहाची दारू बिनलेबलाच्या बाटलीत कुठेच चालत नाही. दुकानातून घेतलेली, सीलबंद, ७० टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बाटली चेक-इनमध्ये, प्रवाशामागे जास्तीत जास्त पाच लिटर, एवढीच मुभा आहे.

ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटकावेत. जुन्या बॅगेच्या तळाशी विसरलेले एक काडतूस यंत्रात दिसले तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. विसरून राहिले, हे सांगून सुटका होईलच असे नाही.

देवाला जाणाऱ्यांची पिशवी

तिरुपतीला किंवा रामेश्वरला निघालेल्यांची पिशवी इथे वेगळी पाहायला हवी. तिच्यात नारळ, खोबऱ्याच्या वाट्या, कापूर, काडेपेटी, वाती आणि तेलाची बाटली असते. श्रद्धेने भरलेल्या या पिशवीतल्या निम्म्या वस्तू नियमात बसत नाहीत.

कापूर सहज पेट घेणारा घन पदार्थ आहे, तो बंद. काडेपेटी बंद. खोबऱ्याचे कारण बहुतेकांना ठाऊक नसते. सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण फार असते. ते बंदिस्त, कोंदट जागेत साठले तर आतून तापत जाऊन स्वतःहून पेटू शकते. जगभरच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणून सुके खोबरे चेक-इनमध्ये चालत नाही. अख्खा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही. २०२२ आणि २०२४ च्या शबरीमला यात्रेच्या हंगामात भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला नारळ हातात नेण्याची सवलत मिळाली होती. तीही ठरावीक मुदतीपुरती आणि पूर्ण तपासणी करूनच. इतरांनी नारळ आणि कापूर देवस्थानाच्या दारात विकत घ्यावेत. परत येताना लाडवाचा प्रसाद हातात आणायला अडचण नसते.

अस्थी घेऊन जाणाऱ्यांनी मृत्यूचा दाखला आणि दहनाचा दाखला जवळ ठेवावा, कंपनीला आधी फोन करून सांगावे आणि कलश सील करण्याआधी विचारून घ्यावे. जाड धातूच्या भांड्यातले यंत्राला दिसत नाही आणि मग उघडायची वेळ येते. ती वेळ कुणावर येऊ नये.

तिकीट काढून देणाऱ्या गावातल्या एजंटांना इथे मनापासून विनंती आहे. तिकिटासोबत हा तिसरा ढीग मराठीत छापून द्या. कंपनीचा संदेश बहुधा इंग्रजीत येतो आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज असते त्यांनाच तो वाचता येत नाही.

विमानतळावर

गोंदिया शहरातून बिरसी सुमारे १२ किलोमीटरवर आहे. उड्डाणाच्या दोन तास आधी तिथे असा. बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते आणि विमानाचे दार वीस ते पंचवीस मिनिटे आधी. मुंबई-पुण्यात विमान चुकले तर दोन तासांनी दुसरे मिळते. छोट्या विमानतळावर त्या दिवशी दुसरे विमान नसू शकते. मग नागपूर किंवा रायपूर गाठावे लागते.

प्रवेशद्वारावर तिकीट आणि मूळ ओळखपत्र दाखवायचे. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट यांपैकी एक पुरते. आईवडिलांजवळ ओळखपत्र असेल तर सोबतच्या लहान मुलाला दारावर वेगळे लागत नाही. पण दोन वर्षांखालच्या बाळाचे तिकीट वेगळ्या दराचे असते, त्यामुळे त्याच्या जन्माचा दाखला जवळ ठेवा. पोहोचवायला आलेल्यांचा निरोप दाराबाहेरच घ्यावा लागतो.

छोट्या विमानतळांवर चेक-इन बॅग काउंटरच्या आधी यंत्रातून जाते. यंत्राच्या पडद्यावर वस्तू रंगांत दिसतात : कापड, अन्न, कागद नारिंगी, धातू निळे, मिश्रण हिरवे. फार दाट वस्तू काळपट दिसतात आणि आतले कळत नाही. तांदळाची घट्ट पिशवी, पुस्तकांचा गठ्ठा, मिठाईचे एकावर एक डबे यांमुळे बॅग उघडायला सांगतात ते यासाठी. संशय माणसावर नसतो. बॅगेला कुलूप असेल तर किल्ली हाताशी ठेवा.

काउंटरवर बॅगेचे वजन होते आणि तिला चिठ्ठी बांधतात. तिला टॅग म्हणतात. त्यावर उतरण्याच्या गावाची तीन अक्षरे असतात : हैदराबादसाठी एचवायडी, पुण्यासाठी पीएनक्यू, गोंदियासाठी जीडीबी. अक्षरे बरोबर आहेत का, ते तिथेच पाहा. विमान बदलून पुण्याला जायचे असेल आणि तिकीट एकच असेल तर टॅगवर पीएनक्यूच हवे. टॅगचा छोटा तुकडा आपल्याला मिळतो, तो जपून ठेवा. सोबत बोर्डिंग पास मिळतो, म्हणजे आसन क्रमांक लिहिलेला विमानात चढण्याचा कागद. जुने टॅग बॅगेवर राहिले असतील तर फाडून टाका. त्यांनी बॅग भलतीकडे जाते.

आता अंगाची आणि हातातल्या बॅगेची तपासणी. ट्रेमध्ये मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, चार्जर, पाकीट, किल्ल्या, नाणी, पट्टा काढून ठेवायचे. लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढून वेगळा ठेवा. मग धातू ओळखणाऱ्या चौकटीतून चालत जायचे. पलीकडे जवान हातातले यंत्र अंगाभोवती फिरवतो. बायकांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारी करतात. हृदयाला पेसमेकर असेल किंवा गुडघ्यात धातूचा सांधा बसवला असेल तर चौकटीत शिरण्याआधीच सांगा आणि कागद दाखवा.

देशातल्या प्रवासात पिण्याच्या पाण्याच्या बाटलीला सहसा हरकत घेत नाहीत. परदेशाच्या विमानात नियम कडक आहे : द्रव आणि मलम १०० मिलिलिटरच्या आतल्या बाटलीत, आणि सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. २००६ मध्ये लंडनमध्ये पेयांच्या बाटल्यांतून स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासूनचा हा नियम.

रांगेत असताना ‘बॉम्ब’ हा शब्द गमतीतही उच्चारू नका, मुलांनाही आधी सांगून ठेवा. त्यावर पोलीस केस होते. आणि अनोळखी माणसाने ‘एवढी पिशवी तिकडे द्या’ म्हटले तर स्पष्ट नकार द्या. ओळखीचा असला तरी आत काय आहे ते उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

ट्रेमधून सगळे परत घेतले का, ते मोजून घ्या. घड्याळ आणि आधार कार्ड मागे राहण्याची जागा हीच.

एटीआरसारख्या विमानात वरचे कप्पे लहान असतात. हातातली चाकांची बॅग त्यांत बसली नाही तर कर्मचारी ती जिन्याजवळ घेऊन पोटात ठेवतात. ती देण्याआधी पॉवर बँक, औषधे आणि दागिने काढून घ्यायला विसरू नका. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास विमानाच्या जिन्याजवळ पुन्हा एकदा तपासणी होऊ शकते. त्या दिवसांत अर्धा तास जास्तीचा ठेवा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडे

खसखस. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, सिंगापूर इथे ती अमली पदार्थांच्या यादीत आहे आणि तिच्यासाठी अटक होऊ शकते. दिवाळीच्या फराळातल्या अनारशांना खसखस लावलेली असते, मसाल्यातही ती असते. दुबईच्या मुलासाठी अनारसे करायचे असतील तर बिनखसखशीचे करा, नाहीतर करूच नका. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्यांवरही तिकडे निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी गोळ्यांच्या मूळ पाकिटासोबत ठेवा.

परत येताना भारतात ज्या शहरात पहिल्यांदा उतराल तिथे बॅग घेऊन सीमाशुल्क खात्यासमोरून जावे लागते. पुढचे तिकीट गोंदिया किंवा नागपूरचे असले तरी हैदराबादला किंवा मुंबईला बॅग ताब्यात घेऊन पुन्हा द्यायची असते. ती आपोआप पुढे गेली असेल असे समजून पुढच्या विमानात बसू नका.

उतरल्यावर

सामान फिरत्या पट्ट्यावर येते. बॅगा एकसारख्या दिसतात, म्हणून तुकड्यावरचा क्रमांक जुळवूनच बॅग उचला. घरून निघताना मुठीला रंगीत कापड बांधले असेल तर काम सोपे होते.

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर इमारतीबाहेर पडण्याआधी कंपनीच्या माणसाकडे लेखी नोंद करा आणि तिची प्रत घ्या. बाहेर पडल्यावर तक्रार सिद्ध करणे अवघड जाते. नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची एकवीस दिवसांत करता येते. प्रवासी सनदेनुसार देशांतर्गत प्रवासात बॅगेसाठी कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त वीस हजार रुपयांची आहे. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ संकेतस्थळावर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा. तिथे बुकिंग क्रमांक आणि टॅगचा क्रमांक विचारतात, म्हणून बॅग घरी येऊन उघडून पाहीपर्यंत तो कागदाचा तुकडा फेकू नका.